रीलोडेबल रॉकेट मोटरला ग्रीस कुठलं लावायचं आणि किती

अमेरिकेत कॉलेजच्या रॉकेट टीममध्ये असाल किंवा ट्रिपोली नाहीतर एनएआर या हौशी रॉकेटवाल्यांच्या संघटनांचं लेव्हल 1 (मोठ्या मोटर उडवायचं पहिलं प्रमाणपत्र) करायला निघाला असाल तर एच किंवा आय क्लासची, म्हणजे त्या ताकदीची मोटर लागते आणि बहुतेक जण 29 नाहीतर 38 मिमीची अ‍ॅल्युमिनियमची रीलोडेबल केस, म्हणजे पुन्हा पुन्हा भरून वापरायची नळी घेतात. केस विकत घेताना सगळे दहादा विचार करतात आणि ग्रीस मात्र गॅरेजमध्ये जे सापडेल ते फासतात.

आधी हे ग्रीस करतं काय ते बघू. गॅस अडवायचं काम ओ-रिंगचं (रबरी कडीचं), ग्रीसचं नाही. ओ-रिंग खाचेत न पिळता, न कापता सरकून बसावी आणि प्रेशर आलं की बाजूला नीट दाबली जावी, एवढ्यासाठी ग्रीस. दुसरं काम आट्यांचं, कारण अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅल्युमिनियम कोरडं फिरवलं की आटे एकमेकांना चावतात आणि मग क्लोजर, म्हणजे केसच्या टोकाचं आट्यांचं झाकण, काही केल्या सुटत नाही. तिसरं काम उडवून झाल्यावरचं, लायनरला (इंधन आणि केस यांच्या मधल्या नळीला) बाहेरून पातळ हात मारलेला असेल तर जळालेला लायनर सहज बाहेर येतो, नाहीतर बसा काठीने ठोकत.

आता कुठलं घ्यायचं. साध्या सॉलिड मोटरसाठी, म्हणजे अमोनियम परक्लोरेटच्या घन इंधनावर चालणाऱ्या, सुपर ल्यूबचं पीटीएफई (टेफ्लॉन) असलेलं मल्टी-पर्पज सिंथेटिक ग्रीस घ्या आणि विषय संपवा. एअरोटेक या मोटर कंपनीच्या सूचनापत्रातही त्याचंच नाव असतं, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, एक ट्यूब वर्षानुवर्षं पुरते. ट्यूबवर 232 डिग्री सेल्सियसपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं आणि नवीन माणूस लगेच विचारतो की आत तर हजारो डिग्री असतात मग हे टिकणार कसं? अरे, ओ-रिंगपर्यंत ज्वाळा पोचलीच तर कुठलंच ग्रीस वाचवणार नाही. लायनर मध्ये आहे आणि जळणं काही सेकंदांत संपतं, म्हणून ते टिकतं. त्यामुळे जास्त टेंपरेचरचं महागडं ग्रीस शोधत बसण्यात अर्थ नाही.

सिलिकॉन ग्रीसही चालतं, नायट्राइल आणि व्हायटॉन या दोन्ही रबरांच्या ओ-रिंगना. फक्त ओ-रिंगच सिलिकॉन रबरची असेल तर नको, ती फुगते. आणि ज्या टेबलावर इपॉक्सी नाहीतर पेंटिंग चालतं तिथे सिलिकॉनची ट्यूब आणूच नका, एक बोट लागलं तरी तिथे पेंट धरत नाही. व्हॅसलिन नायट्राइलला बाधत नाही पण उन्हात तापलेल्या गाडीत पातळ होऊन वाहतं. डब्ल्यूडी-40 हे ग्रीस नाहीच. तांब्याचं अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायची पेस्ट) फार तर आट्यांना, ओ-रिंगजवळ नको, त्यात धातूचे कण असतात.

हायब्रिड मोटर (घन इंधन आणि वेगळ्या टाकीतला नायट्रस ऑक्साइड) असेल तर वरचं सगळं विसरा. नायट्रस ऑक्साइडच्या बाजूला पेट्रोलियमचं किंवा साधं सिंथेटिक ग्रीस लागणं म्हणजे प्रेशरखालच्या ऑक्सिडायझरला (जळायला ऑक्सिजन पुरवणाऱ्याला) इंधन वाढून देणं. तिथे क्रायटॉक्ससारखं फ्लोरिनेटेड ग्रीसच हवं, महाग असलं तरी. आणि हात, टूल्स, नळ्या आधी स्वच्छ, कारण आधीच्या मोटरचं ग्रीस बोटाला असतंच.

किती लावायचं यावर लोक फार चुकतात. तांदळाएवढा ठिपका दोन बोटांत घ्यायचा, ओ-रिंग त्यातून ओढत फिरवायची, ती ओली चमकली पाहिजे पण कुठेही पांढरा गोळा दिसता कामा नये. फिरवताना बोटाला डोक्याचा केस, धागा, कट लागतोय का तेही कळतं, कट असेल तर ती ओ-रिंग बाद. आट्यांना तसाच पातळ थर. प्रोपेलंटच्या ग्रेनला (इंधनाच्या कांडीला) नाही. डिलेच्या (पॅराशूटचा चार्ज थोड्या उशिराने पेटवणाऱ्या भागाच्या) पोकळीत आतल्या भिंतीला हलका हात मारायचा, पण पुढच्या टोकाला, जिथून इजेक्शन चार्जला आग जाते, तिथे अजिबात नको. तिथे ग्रीस साचलं तर पॅराशूट उघडायचा चार्ज पेटेल की नाही याची खात्री नाही आणि मग रॉकेट नाक खाली करून येतं.

क्लोजर हाताने बसत नसेल तर अजून ग्रीस थापू नका, आत काहीतरी तिरकं बसलंय, खोलून बघा.

नेवाडात ब्लॅक रॉकच्या वाळवंटात उडवायला जाणार असाल तर मोटर शक्यतो आदल्या रात्री आडोशाला बसून जोडा (जोडायची, पेटवायचा इग्नायटर घालायचा नाही, तो लाँच पॅडवरच). तिथली पिठासारखी धूळ ग्रीसवर बसली की ओ-रिंगला सँडपेपर लावल्यासारखंच. उडवून आल्यावर केस त्याच दिवशी पुसा, आतला काळा थर आम्लधर्मी असतो आणि अ‍ॅल्युमिनियम खातो, शिवाय गार होऊन वाळला की निघत नाही. ओले वाइप्स, मग साबणाचं पाणी, नीट सुकवायचं, आट्यांवरून ग्रीसचं बोट फिरवून ठेवायचं. जुन्या ओ-रिंग ठेवू नका, दर वेळच्या रीलोड किटमध्ये नवीन येतात. आणि कंपनीच्या कागदावर माझ्यापेक्षा वेगळं काही लिहिलं असेल तर कागदाचंच ऐका.