बेनेडिक्टाइन मठात जायचा विचार करताय? आधी तिथल्या मोठ्या माणसांचे रस्ते बघा

बेनेडिक्टाइन मठात, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमाने चालणाऱ्या कॅथलिक मठात, जाऊन राहावं असं ज्यांच्या मनात आहे, कायमचं म्हणा नाहीतर नुसतं समजून घ्यायला म्हणा, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सुरुवातीलाच सांगतो, मठाचे फोटो, जुनं चर्च, बाग, ते ग्रेगोरियन गाणं एवढं बघून काही ठरवू नका, तिथला ॲबट, म्हणजे मठाचा प्रमुख, कोण आहे, त्याच्या खालोखालचा प्रायर कोण, नवीन आलेल्यांना घडवणारा कोण आणि ही माणसं तिथवर कुठून कशी आली ते आधी बघा. आपल्याकडे वसईत किंवा गोव्यात जे धर्मगुरू आपण बघतो त्यांची बदली होते, आज या धर्मग्रामात तर काही वर्षांनी दुसऱ्या. जेझुइटांचंही तेच, हुकूम आला की बॅग भरायची. बेनेडिक्टाइनांचं वेगळं आहे, त्यांच्या तीन व्रतांतलं पहिलंच स्थिरतेचं, म्हणजे मरेपर्यंत याच घरात, याच माणसांबरोबर. दुसरं आज्ञापालनाचं आणि तिसरं मठाच्या रीतीने रोज स्वतःला बदलत राहण्याचं. तेव्हा तुम्ही मठ निवडता तेव्हा खरं तर माणसं निवडत असता, आणि तिथे नेमकी कसली माणसं पुढे येतात हे कळायचं असेल तर पुढाऱ्यांचा इतिहास बघण्याइतका चांगला मार्ग मला तरी माहीत नाही.

पहिलं काम घरबसल्या करायचं. संत बेनेडिक्टचा नियम वाचून काढायचा. सहाव्या शतकातला आहे, 73 छोटी छोटी प्रकरणं, एका रविवारी सहज वाचून होतो. ज्यांना अगदीच घाई आहे त्यांनी 58, 63 आणि 64 ही तीन तरी वाचा, पण मी म्हणेन सगळा वाचा कारण 31 व्या प्रकरणात कोठी सांभाळणाऱ्या सेलररबद्दल जे लिहिलंय ते कुठल्याही मॅनेजरने वाचावं असं आहे. मठातली भांडी-हत्यारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपायची, आणि कोणी काही मागायला आला आणि द्यायला काहीच नसेल तर निदान गोड शब्द द्यायचा.

58 वं प्रकरण नवीन येणाऱ्याबद्दल आहे आणि त्याची सुरुवातच अशी की आल्या आल्या आत घेऊ नका. चार-पाच दिवस दार ठोठावू दे, त्रास सहन करून टिकला तर पाहुण्यांच्या खोलीत ठेवा, मग नॉव्हिसांमध्ये, म्हणजे शिकाऊ मठवाशांमध्ये. त्याच्यावर एक अनुभवी माणूस नेमायचा, तो एकच मुख्य गोष्ट बघणार, हा खरंच देव शोधतोय का. दोन महिने टिकला की नियम पूर्ण वाचून दाखवायचा, पुढे सहा महिन्यांनी परत, मग चार महिन्यांनी तिसऱ्यांदा, आणि प्रत्येक वेळी सांगायचं की जमत असेल तर राहा, नसेल तर तू मोकळा आहेस. म्हणजे झालं एक वर्ष. त्यानंतर तो चर्चमध्ये सगळ्यांसमोर वचन देतो, ते स्वतःच्या हाताने लिहितो, लिहिता येत नसेल तर दुसरा लिहितो आणि हा खूण करतो, आणि तो कागद स्वतः वेदीवर ठेवतो. मग त्याचे घरचे कपडे उतरवून मठाचे देतात, पण ते जुने कपडे टाकून देत नाहीत, कपाटात जपून ठेवतात, पुढेमागे निघून जायची वेळ आली तर तेच अंगावर घालून जायला. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने एवढा व्यवहार बघितला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

63 व्या प्रकरणात ज्येष्ठता ठरते ती आत आल्याच्या वेळेवरून. वय, घराणं, पैसा काही नाही, सकाळी आलेला दुपारी आलेल्याच्या पुढे. आणि 64 मध्ये ॲबटची निवड, तिथे म्हटलंय की शहाणपण आणि चांगलं वागणं असेल तर रांगेत सगळ्यात शेवटी असलेलाही चालेल. त्याने लोकांच्या उपयोगी पडायचं, वर बसायचं नाही, आणि गंज काढायच्या नादात भांडंच फोडायचं नाही. हे वाचून झालं की तुमच्या हातात माप आलं, आता त्या मापाने माणसं बघा.

ज्याने हे लिहिलं त्याच्यापासूनच सुरू करा. पोप ग्रेगरींनी त्याची हकीकत सांगितली आहे. जन्म साधारण 480 चा, इटलीतल्या नुर्सियाचा, रोमला शिकायला पाठवलेला, तिथलं वातावरण बघून शिक्षण सोडून निघाला आणि सुबियाकोच्या गुहेत तीन वर्षं एकटा राहिला, रोमानुस नावाचा एक मठवासी दोरीने भाकरी खाली सोडायचा त्यावर. मग जवळच्या मठातल्यांनी आग्रह करून ॲबट म्हणून नेला आणि शिस्त झेपेना म्हणून त्यालाच वाइनमधून विष द्यायचा प्रयत्न केला. हा परत गुहेकडे. मॉन्टे कॅसिनोचा त्याचा प्रसिद्ध मठ वगैरे सगळं त्याच्यानंतरचं.

आता जवळच्या काळातली माणसं घ्या. बेझिल ह्यूम, जन्म 1923, इंग्लंडमधलं न्यूकासल, वडील डॉक्टर आणि प्रोटेस्टंट, आई फ्रेंच आणि कॅथलिक. ॲम्पलफर्थच्या मठाच्या शाळेत शिकले आणि 1941 मध्ये, ऐन महायुद्धात, 18 व्या वर्षी तिथेच आत गेले. ऑक्सफर्डला इतिहास, मग स्वित्झर्लंडमध्ये थिऑलॉजी, 1950 ला गुरुदीक्षा (म्हणजे धर्मगुरू झाले), परत येऊन शाळेत शिकवणं, रग्बीचं कोचिंग, हॉस्टेलच्या मुलांची जबाबदारी, आणि 1963 ला चाळिशीत ॲबट म्हणून निवड. 1976 मध्ये पोपनी त्यांना तिथून थेट वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप केलं. यात माझ्या मते मोठी गोष्ट आर्चबिशप होण्याची नाही, ॲबट होण्याआधी मठात काढलेल्या 22 वर्षांची आहे. शिकायला बाहेर होते तो काळ सोडला तर ज्यांनी मतं दिली त्यांनी या माणसाला रोज जेवताना, दमलेला असताना, चिडलेला असताना बघितलं होतं. बेनेडिक्टाइन निवडणुकीत प्रचार नसतो, तो आधीच वर्षानुवर्षं पंगतीत झालेला असतो.

सगळेच असे लहानपणापासून मठाच्या सावलीत वाढलेले नसतात. अमेरिकेत कनेटिकटमध्ये बेथलेहेम नावाच्या गावी रेजिना लाउडिस हा सिस्टरांचा मठ आहे. तो 1947 मध्ये काढला मदर बेनेडिक्ट डस यांनी, त्या पिट्सबर्गला जन्मलेल्या, फ्रान्समध्ये वाढलेल्या, शिकून डॉक्टर झालेल्या आणि मग फ्रान्समधल्याच जुआरच्या मठात गेलेल्या. 1944 मध्ये अमेरिकन सैन्याने ते गाव जर्मनांच्या ताब्यातून सोडवलं, ते डोळ्यांनी बघितल्यावर त्यांनी ठरवलं की हे ऋण फेडायला अमेरिकेत मठ काढायचा. त्याच मठात पुढे डोलोरेस हार्ट आल्या, गायक एल्विस प्रेस्लीबरोबर दोन सिनेमांत काम केलेली हिरॉइन, लग्न ठरलेलं. न्यूयॉर्कला नाटक करत असताना थकून विश्रांतीसाठी म्हणून पहिल्यांदा तिथे पाहुणी म्हणून राहिल्या, मग येत-जात राहिल्या, सिनेमेही चालू ठेवले, आणि 1963 मध्ये सगळं सोडून कायमच्या आल्या. शेवटची व्रतं 1970 मध्ये. 2001 ते 2015 त्या तिथल्या प्रायरेस होत्या. पहिल्या भेटीपासून कायमच्या व्रतांपर्यंत दहा वर्षांहून जास्त काळ गेला हे लक्षात ठेवा, ज्यांना एका रिट्रीटनंतर नोकरीचा राजीनामा द्यावासा वाटतो त्यांनी तर नक्कीच.

नोटकर वुल्फ हे आणखी वेगळं प्रकरण. जर्मनीत बव्हेरियात शिंप्याच्या घरात 1940 चा जन्म, पोरवयात एका मिशनऱ्याची गोष्ट वाचून डोक्यात खूळ बसलं आणि सांक्ट ओटिलियनच्या मठात पोचले. 37 व्या वर्षी तिथले आर्चॲबट, म्हणजे प्रमुख, आणि 2000 ते 2016 रोमला ॲबट प्रायमेट, म्हणजे जगभरच्या बेनेडिक्टाइनांचे प्रतिनिधी. बासरी वाजवायचे आणि रॉक बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटारही, तेही ॲबट असताना. आपल्या मनात मठाधिपती म्हणजे कायम गंभीर चेहऱ्याचा म्हातारा असतो ना, तो काढून टाका.

आणि भारताशी ज्यांचा थेट संबंध आहे ते बीड ग्रिफिथ्स. ऑक्सफर्डमधून शिकून दोन मित्रांबरोबर 1930 मध्ये इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्डच्या खेड्यात घर घेतलं, गायी पाळल्या, मेणबत्तीच्या उजेडात बायबल वाचलं, तो प्रयोग वर्षभरात आटोपला पण आतली ओढ राहिली, 1932 मध्ये कॅथलिक झाले आणि लगेच प्रिंकनॅशच्या मठात गेले. पुढे फार्नबरोला प्रायर, मग स्कॉटलंडला प्लस्कार्डन, 1955 मध्ये भारतात, आणि 1968 पासून 1993 ला मरण येईपर्यंत तमिळनाडूत कावेरीकाठी शांतिवनममध्ये. तो आश्रम 1950 मध्ये मोंशानें आणि अभिषिक्तानंद या दोन फ्रेंचांनी काढलेला, ग्रिफिथ्स यांनी तो सांभाळला आणि वाढवला. ज्यांना परदेशी जायच्या आधी भारतातच हे जीवन कसं असतं ते बघायचंय त्यांनी शांतिवनम किंवा बंगळुरूजवळ केंगेरीचं आशीर्वनम यांच्यापासून सुरुवात करावी. मात्र दोन्हीकडचा सूर वेगळा आहे, एका घरावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

आता प्रत्यक्ष जायचं कसं. आधी पाहुण्यांची सोय बघणाऱ्या गेस्टमास्टरला साधं पत्र किंवा मेल, मी कोण, काय करतो, चार-पाच दिवस राहायला येऊ का. "मला मंक व्हायचंय" हे पहिल्याच वाक्यात लिहायची गरज नाही, पण खरंच तसा विचार असेल तर लपवूही नका, ते तुम्हाला मठात येऊ पाहणाऱ्यांशी बोलणाऱ्या व्होकेशन डायरेक्टरशी जोडून देतात. राहायला गेलात की सगळ्या प्रार्थनांना जा, पहाटेच्यासुद्धा, कारण आयुष्यभर तेच करायचंय. असं दोन-तीनदा, वेगवेगळ्या ऋतूत, म्हणजे ख्रिसमसच्या रोषणाईत एकदा गेलात तर एकदा साध्या, कोरड्या आठवड्यातही जा. दोन्हीकडून पटलं तर काही महिने उमेदवार म्हणून राहायचं, मग नॉव्हिस. चर्चच्या कायद्याप्रमाणे नॉव्हिशिएटला, म्हणजे या शिकाऊ काळाला, किमान 17 वर्षं पूर्ण हवीत आणि तो काळ निदान 12 महिन्यांचा, त्यानंतर तात्पुरती व्रतं किमान 3 वर्षं, कायमची व्रतं 21 च्या आत नाहीत. वरची वयोमर्यादा प्रत्येक मठ आपापली ठरवतो, विचारून घ्या. लग्न झालेलं असेल, डोक्यावर कर्ज असेल, आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर हे पहिल्या भेटीतच सांगा, नंतर कळलं तर सगळंच अडतं.

गुरुदीक्षा घेतलीच पाहिजे असं नाही बरं का. बेनेडिक्ट स्वतः धर्मगुरू असल्याचा कुठे उल्लेख नाही, आजही कितीतरी मठवासी आयुष्यभर ब्रदरच राहतात, आणि खास परवानगी घेऊन ब्रदरलाही प्रमुख होता येईल असा रस्ता 2022 मध्ये पोप फ्रान्सिसनी खुला केला.

मुक्कामात विचारायचे प्रश्न आता. तुमचा ॲबट इथे यायच्या आधी काय करायचा, आत आल्यावर त्याने कुठली कुठली कामं केली? चांगल्या घरात याचं उत्तर पटकन आणि प्रेमाने मिळतं, त्यात लाँड्री, आजाऱ्यांची सेवा, बागकाम असलं काहीतरी येतं. नॉव्हिस मास्टर किती वर्षं ते काम करतोय आणि त्याच्या हाताखालचे किती टिकले? सोडून गेलेल्यांबद्दल ही माणसं कशी बोलतात ते कान देऊन ऐका, तिथे कडवटपणा असेल तर मला ते घर नको वाटतं. पैशांचे हिशोब कोण बघतं आणि सगळ्यांसमोर मांडतात का, कारण नियमाच्या तिसऱ्या प्रकरणात मोठ्या निर्णयाला सगळ्यांना बोलवायचं सांगितलंय, सगळ्यात लहानालासुद्धा.

आणि एक प्रश्न अवघड वाटला तरी विचाराच, इथे मुलांच्या किंवा दुबळ्या माणसांच्या शोषणाची तक्रार आली होती का, आली तेव्हा प्रमुखाने काय केलं. वर ज्या ॲम्पलफर्थचं नाव घेतलं तिथल्या आणि डाउनसाइडच्या मठाच्या शाळांबद्दल 2018 मध्ये इंग्लंडच्या स्वतंत्र चौकशीने स्पष्ट लिहिलं की कित्येक दशकं मुलांवर लैंगिक अत्याचार झाले आणि मुलांपेक्षा स्वतःच्या नावाची काळजी जास्त केली गेली. ज्या घरात आज्ञापालनाचं व्रत आहे तिथे आज्ञा देणारा कसा आहे यावर सगळं अवलंबून असतं, त्यामुळे हा प्रश्न उद्धटपणाचा अजिबात नाही. उत्तर टाळलं तर सरळ निघून या.

जमलं तर माजी ॲबटना भेटा. इंग्लिश काँग्रिगेशन या बेनेडिक्टाइन मठांच्या संघात ॲबटची निवड 8 वर्षांसाठी असते, इतर ठिकाणी नियम वेगळे, पण पायउतार झालेला माणूस बऱ्याचदा त्याच घरात साधा मठवासी म्हणून राहतो. नोटकर वुल्फही रोमची जबाबदारी संपल्यावर सांक्ट ओटिलियनला परत गेले होते. काल सगळ्यांना काम वाटून देणारा आज आपल्याहून तरुण ॲबटने दिलेलं काम कसं करतो, जेवताना त्याच्या शेजारी कोणी आपणहून बसतं का, नवा ॲबट त्याच्याशी कसा बोलतो, हे दोन दिवसांत दिसतं, आणि दिसलं नाही तर मुक्काम आणखी वाढवून मागा.