किराण्याचे रेट शीटमध्ये कंपेअर करताय? या चुका टाळा

एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये बी कॉलममध्ये किंमत, सी मध्ये वजन, डी मध्ये =बी२/सी२ आणि खाली ड्रॅग, एवढं सगळ्यांनाच येतं. गडबड भागाकारात नसते हो, सी कॉलममध्ये असते. तिथे कोणीतरी "५०० ग्रॅम" असं टाईप करतं, शीट त्याला टेक्स्ट समजते आणि लगेच व्हॅल्यू एरर. आकडा एका सेलमध्ये, युनिट शेजारच्या सेलमध्ये, विषय संपला. हा एरर तसा बरा, निदान बोंब तरी मारतो. गप्प बसून चुकीचं उत्तर देणाऱ्या चुका जास्त वाईट.

उदाहरणार्थ एका ओळीत १ आणि खालच्या ओळीत ५००, म्हणजे वर किलो, खाली ग्रॅम. पाकिटावर एमआरपीजवळ छापलेली युनिट सेल प्राइस (म्हणजे एका ग्रॅमचा किंवा किलोचा दर) उतरवून घेतलीत तरी हाच घोळ, कारण किलोच्या आतल्या पाकिटावर ती पर ग्रॅम असते आणि किलोच्या वरच्यावर पर किलो. वर ती एमआरपीवरून काढलेली, तुम्हाला मिळालेला डिस्काउंट त्यात नाहीच. त्यापेक्षा स्वतःच भागा.

वजन सगळीकडे ग्रॅममध्ये टाका, पण रेट पर ग्रॅम ठेवू नका. समजा तूरडाळ १ किलो १६५ रुपयांना आणि अर्धा किलो ८४ ला. पर ग्रॅम ०.१६५ आणि ०.१६८ येतात, सेल दोनच दशांश दाखवत असेल तर दोन्हीकडे ०.१७ दिसतं आणि आपण म्हणतो सारखंच आहे की! =बी२/सी२*१००० करा, १६५ आणि १६८ सरळ दिसतील.

तेलात तर भलेभले फसतात. १५ लीटरचा डबा आणि १५ किलोचा डबा दिसायला भाऊभाऊ, दोघांसमोर सी कॉलममध्ये १५. समजा लीटरवाला २२०० ला आणि किलोवाला २३०० ला, शीट बिनधास्त लीटरवाला स्वस्त दाखवणार. पण खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं, १ लीटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे त्या डब्यात तेल १३.६५ किलोच. आता भागा: लीटरवाला १६१ रुपये किलो, दुसरा १५३. पाऊचवर आणि डब्यावर लीटरसोबत वजनही छापलेलं असतं, तेच सी मध्ये घ्या, लीटर विसरा.

आणि ते इफएरर, म्हणजे एरर आला तर त्याजागी काय दाखवायचं ते सांगणारा फॉर्म्युला. वजन रिकामं राहिलं की डिव्ह झिरोचा, म्हणजे शून्याने भागल्याचा एरर येतो, तो दिसायला नको म्हणून लोक इफएररमध्ये शून्य टाकतात, मग सगळ्यात लहान आकडा शोधणारा मिन फॉर्म्युला इमानदारीत तेच शून्य उचलतो आणि ज्या मालाचं वजनच भरलं नाही तो सगळ्यात स्वस्त ठरतो 😄 शून्याऐवजी नुसते दोन अवतरणचिन्ह द्या, मिन ते सोडून देतो.

साबणाचा १०० ग्रॅमच्या ४ वड्यांचा पॅक असेल तर वजन १०० नाही, ४०० लिहा. दोनवर एक फ्री असेल तर किंमत दोनची, वजन तिघांचं. "२०% एक्स्ट्रा" वाल्या पाकिटाला मात्र स्वतःहून २०% वाढवायच्या आधी मागे नेट वजन बघा, बऱ्याचदा ते त्यात धरलेलंच असतं.