ब्रेक ऑइल बदलायला घेण्याआधी

सगळ्यात आधी तारीख बघा. ब्रेक ऑइल बदलायचं ते वयावर, फक्त किलोमीटर मोजून नाही. बहुतेक गाड्यांना दर 2 वर्षांनी, काहींना 3. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो. गाडी उभी असली तरी हे तेल रबरी होजमधून आणि ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाकडून हवेतली ओल ओढत राहतं. ताजं डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच हमी 155 अंशांवर येते. लांब उतारावर कॅलिपर, म्हणजे चाकापाशी ब्रेक पॅड दाबणारे भाग, तापले की तेलात वाफ धरते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही.

रंगावरून ठरवू नका. स्वच्छ दिसणाऱ्या तेलातही पाणी असतं. तेलातलं पाणी मोजणाऱ्या टेस्टरने 3 टक्के दाखवलं तर वाट न बघता तेल बदला. पातळी उतरली असेल तर वरून भरण्याआधी पॅड तपासा, कारण पॅड झिजले की पातळी उतरतेच. पॅड ठीक असतील तर गळती शोधा.

तेलाचा ग्रेड टाकीच्या झाकणावर लिहिलेला असतो. सीलबंद 1 लिटर पुरतं. अर्धवट वापरून ठेवलेली बाटली नकोच. नावं जवळची असली तरी डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते डॉट 3, 4 किंवा 5.1 मध्ये मिसळायचं नाही. इंजिन ऑइलचा किंवा पेट्रोलचा थेंबही नको, सील फुगतात.

ब्लीडर निपलसाठी, म्हणजे चाकापाशी जुनं तेल बाहेर सोडायच्या स्क्रूसाठी, मापाचा रिंग पाना घ्या, बहुधा 8, 10 किंवा 11 मिमी. उघड्या तोंडाच्या पान्याने कडा गोल होतात. निपल गंजलेले असतील तर आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारा, आणि तरीही हलले नाहीत तर जोर लावू नका. निपल तुटला की बहुतेकदा कॅलिपरच उतरवावा लागतो. निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, तळाशी थोडं तेल घातलेली बाटली, टाकीतलं जुनं तेल ओढायला सिरिंज, हातमोजे आणि चष्मा जवळ ठेवा. पाण्याची बादलीही हवीच, कारण हे तेल रंग खातं; सांडलं की लगेच धुवा.

सपाट जागा, चाकांना अडसर, जॅकखेरीज स्टँड आणि पेडलवर एक भरवशाचा माणूस. क्रम आधीच ठरवा: दाबा, निपल उघडा, बंद करा, मगच पाय सोडा. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, नाहीतर जुन्या मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा भाग) सील कधी न वापरलेल्या गंजक्या भागावर घासून फाटतात. चाकांचा क्रम पुस्तिकेतला. काही एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाड्यांना स्कॅन टूल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, लागतं, इलेक्ट्रिक हँडब्रेकला सर्व्हिस मोड लागू शकतो. टाकी मिनिमम रेषेखाली जाऊ देऊ नका, हवा आत गेली की सगळं पुन्हा करावं लागतं.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत असेल किंवा स्पंजासारखं लागत असेल तर गाडी हलवायची नाही.