घरच्या शाळेची पद्धत ठरवताना आधी स्वतःकडे बघा

होमस्कूलिंग ठरलं की आधी अभ्यासक्रमाचा महागडा संच मागवायचा आणि मग मूल त्यात रमतंय का ते बघायचं, असा उलटा क्रम बऱ्याच घरांत दिसतो. त्याऐवजी पंधरा दिवस एक वही ठेवा. मूल आपणहून कशात रमलं, किती मिनिटं, ते रोज लिहा. शेवटच्या पानावर स्वतःबद्दल लिहा: दिवसातला निवांत वेळ किती, पसारा चालतो का, मोठ्याने वाचायला आवडतं का. पद्धत चालवायची तुम्हाला आहे, त्यामुळे हे पान जास्त महत्त्वाचं. मूल नुकतंच शाळेतून काढलं असेल, तर आधी दोन-तीन महिने पुस्तकं बाजूलाच राहू द्या.

सगळ्यात जास्त फसतं ते घरात वेळापत्रक लावून शाळाच भरवणं. वर्गातला बराच वेळ हजेरी, वह्या तपासणं, इतरांसाठी थांबणं यात जातो. समोर एकच मूल असताना आठ वर्षांच्या पोराला बैठा अभ्यास दीड-दोन तास पुरतो. सहा तास बसवलंत की काही आठवड्यांतच रडारड सुरू होते.

वाचनाची आवड असेल, तर ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन यांची पद्धत घ्या. धडा १५ ते २० मिनिटांचा. उतारा एकदाच वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि म्हणायचं, "सांग बघू काय काय झालं." मध्ये टोकायचं नाही, दुरुस्ती सगळं सांगून झाल्यावर. पुन्हा वाचून दाखवायची सवय लावू नका, नाहीतर मूल पहिल्या वेळी कानच देत नाही.

मूल लहान आणि हाताने करणारं असेल, तर माँटेसरी. साहित्य विकतच आणायला हवं असं नाही. काचपेपरचं 'ग' कापून पुठ्ठ्यावर चिकटवा, दोन बोटांनी गिरवून दाखवा आणि आवाज सांगा. तसंच 'म' करा. मग दोन्ही समोर ठेवून विचारा, "ग कुठला?" शेवटी एकावर बोट ठेवून, "हा कुठला?" चुकलं तर "नाही" म्हणू नका, पुन्हा पहिल्या पायरीवर या. मध्ये हात न घालता नुसतं बघत बसणं जमत नसेल, तर ही पद्धत तुमची नव्हे.

शेती, शिवण, सुतारकाम येणाऱ्या घरांनी १९३७च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेली गांधीजींची नई तालीम जरूर बघावी. तिथे शिक्षण हाताच्या कामातून होतं. फसतं ते एका ठिकाणी: काम होतं, गणित राहून जातं. वाफा खणण्याआधीच ठरवा, आज क्षेत्रफळ.

निवडलेली पद्धत सहा आठवडे, दोनच विषयांत चालवा. मग वही पुन्हा उघडा.

दहावीची चिंता आत्ताच नको. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळातून मराठी माध्यमात, वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यावर ती देता येते आणि विषय सुटे सुटे काढता येतात. मात्र बाराव्या वर्षापासून आठवड्यातून तीनदा लेखी उत्तरं लिहून घ्या. सगळं तोंडी सांगत वाढलेल्या मुलांचा हात पेपरात अर्ध्यावरच दुखायला लागतो.