रिंगमध्ये सरकणारा स्कोप आणि चिमूटभर राळ

माझी स्प्रिंगची एअर रायफल. 10 मीटरवर पाच छर्रे एकाच भोकात, पुढचे पाच भलतीकडेच. स्कोपची (नेम धरायच्या दुर्बिणीची) एलेव्हेशनची, म्हणजे नेम वर-खाली करणारी खुंटी फिरवण्यात दोन रविवार गेले. शेवटी स्कोपला धरून ठेवणाऱ्या रिंगच्या कडेला स्कोपवर पेन्सिलने रेघ मारली. वीस छर्ऱ्यांनंतर रेघ आणि रिंग यांच्यात स्पष्ट फट!

स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का दुहेरी. पिस्टन सुटताना बंदूक मागे येते, आणि तो दाबलेल्या हवेवर थबकताना पुढे झेपावते. या दुसऱ्या झटक्यात स्कोप जडपणामुळे मागे राहतो, म्हणजेच रिंगमधून मागे घसरतो. (माउंटच, म्हणजे रिंगांचा पायाच, बंदुकीवरच्या पट्टीवर (रेलवर) सरकत असेल तर रिसिव्हरच्या, म्हणजे बंदुकीच्या मुख्य भागाच्या, खाचेत बसणारी पिन लागते, तो वेगळा दोष.)

आधी मी रिंगचे स्क्रू जीव खाऊन आवळले होते. ते चूक. स्कोपची ॲल्युमिनियमची नळी दबते.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने रिंगच्या आतली आणि नळीवरची तेलकटी पुसली. व्हायोलिनच्या गजाला लावतात ती राळ कुटून रिंगच्या खालच्या अर्ध्या भागात पातळ भुरभुरली. स्क्रू समोरासमोरच्या तिरप्या कोपऱ्यांतले आळीपाळीने, थोडे-थोडे आवळले, रिंगच्या दोन अर्ध्या भागांमधली दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून.

तीनशे छर्रे झाले; रेघ जागेवर आहे.