मेडिकल डिव्हाइसचा ऑडिटर व्हायचंय? नागपुरातून सांगतो

बी.फार्म. किंवा बायोमेडिकल झालेली मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक एकच प्रश्न घेऊन: "सर, लीड ऑडिटरचा कोर्स केला की काम मिळेल ना?" नाही मिळत. पाच दिवसांचा कोर्स, शेवटी परीक्षा, हातात प्रमाणपत्र. एवढ्यावर कोणी तुम्हाला कारखान्यात पाठवत नाही. ऑडिटर म्हणून पात्र ठरवते ती सर्टिफिकेशन संस्था, म्हणजे कारखान्याचं कामकाज मानकाप्रमाणे चालतं का ते तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था. ती तुमची पदवी बघते, या क्षेत्रातला साधारण चार वर्षांचा अनुभव मागते, आधी जुन्या ऑडिटरच्या शेजारी बसवते आणि मग त्याच्या नजरेखाली तुम्हाला ऑडिट करायला लावते. तेही सरसकट सगळ्या उपकरणांसाठी नाही. बँडेजचा अनुभव दाखवून पेसमेकरचं ऑडिट मिळत नाही.

मागणी मात्र खरी आहे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. पुढे १ एप्रिल २०२० पासून सगळीच उपकरणं औषध कायद्याखाली आली. उपकरणांचे धोक्यानुसार ए (सर्वांत कमी) ते डी (सर्वांत जास्त) असे चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गाला १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि सी-डीला १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. ए-बीचा परवाना राज्याचं एफडीए (अन्न व औषध प्रशासन) देतं आणि त्यांचं ऑडिट नोटिफाइड बॉडी करते, म्हणजे एनएबीसीबीची (सर्टिफिकेशन संस्थांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता घेतलेली तपासणी संस्था. सी-डीकडे सीडीएससीओचे (केंद्राची औषध नियंत्रण संस्था) अधिकारी स्वतः जातात. निर्जंतुक नसलेल्या, मोजमाप न करणाऱ्या ए वर्गाच्या वस्तूंना नुसती नोंदणी पुरते. आयएसओ १३४८५ (वैद्यकीय उपकरणांसाठीच्या गुणवत्ता व्यवस्थेचं आंतरराष्ट्रीय मानक) याचं प्रमाणपत्र आणि हा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलाखतीत हमखास विचारतात. नियमांची पाचवी अनुसूची (गुणवत्ता व्यवस्थेबद्दलची) १३४८५ च्या जवळची असली, तरी दोन्ही स्वतंत्र वाचा.

आता नागपूरची खास अडचण. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. हिंगण्यातल्या एखाद्या युनिटला तुम्ही सल्लागार म्हणून फाइली बनवून दिल्या असतील, तर पुढची किमान दोन वर्षं त्यांच्या ऑडिटला तुम्हाला जाता येत नाही. सर्टिफिकेशन संस्थांसाठीचं मानक आयएसओ १७०२१-१ तसं सांगतं. त्यांचं अंतर्गत ऑडिट (कंपनीने स्वतःच स्वतःची केलेली तपासणी) केलं असेल तरी हेच लागू. "ओळखीचे आहेत, लवकर होईल" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला पहिल्याच फोनवर नाही म्हणा आणि संस्थेला कळवून टाका.

प्रशिक्षणात मी सर्वांत जास्त वेळ देतो तो नॉन-कन्फर्मिटी, म्हणजे मानकाप्रमाणे नसलेली त्रुटी, लिहिण्यावर. मेमधल्या एका सराव ऑडिटची गोष्ट. तयार मालाच्या स्टोअरमध्ये भिंतीवर थर्मामीटर, खोक्यांवर "३० अंशांखाली साठवा". बाहेर नागपूरचं ऊन. आमच्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने लिहिलं, "तापमान नियंत्रण योग्य नाही." स्टोअरवाले काका लगेच म्हणाले, "काहून मॅडम, थर्मामीटर तर लावलंय ना!" काकांचं चूक नव्हतंच, या वाक्यात त्यांना मान्य करायला काही नव्हतं. मग तिला रजिस्टर उघडायला लावलं. नोंद रोज एकदाच, सकाळी आठला, आणि आकडा कायम २८. डेटा लॉगरची (तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र) फाइल मागितली तर दुपारचे आकडे ३४ पर्यंत गेलेले आणि त्यावर कोणाची कारवाई नाही. त्या खोक्यांतला एक बॅच तोवर बाहेर गेलेला. आता तिने लिहिलं: आयएसओ १३४८५ च्या कलम ७.५.११ नुसार उत्पादनाचं जतन व्हायला हवं. लेबलवर ३० अंशांची मर्यादा. लॉगरमध्ये अमुक तारखांना ३४ अंश. त्याचं मूल्यमापन न करता बॅच पाठवला. काकांनी वाचलं आणि गुमान सही केली. लॉगरचं कॅलिब्रेशन (तो अचूक मोजतो का याची तपासणी) कधीचं, हे मात्र तिने विचारलंच नव्हतं. तेही लिहायच्या आधी बघायचं, नाहीतर ३४ हा आकडाच वादात जातो.

रिपोर्ट इंग्रजीत असला तरी सीलिंग मशीनवरच्या ऑपरेटरशी मराठी-हिंदीतच बोला. "पाउच सील होत नाही तेव्हा काय करता?" एवढं विचारून गप्प राहिलात, तर व्हॅलिडेशनच्या (प्रक्रिया दरवेळी नीट चालते याच्या पुराव्याच्या) फाइलीत नसलेलं बरंच ऐकायला मिळतं. कॉन्फरन्स रूममध्ये समोसे खात कागद तपासणारे ऑडिटर मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना फक्त क्यूएवाला, म्हणजे गुणवत्ता विभागाचा माणूस, भेटतो.

प्रवासाची तयारी ठेवा. उपकरणांचे कारखाने जास्त करून गुजरात, हरियाणा, तमिळनाडू, विशाखापट्टणमकडे. नागपुरात राहून हे काम होतं, पण बॅग कायम भरलेली असते. फ्रीलान्सला मानधन मॅन-डेवर, म्हणजे कामाच्या दिवसांप्रमाणे मिळतं. प्रवासाचा दिवस त्यात धरलाय की नाही, हे करारात आधी बघा.

सुरुवात कुठून? उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत क्यूएची नोकरी धरा, पगार जरा कमी असला तरी. आत गेलात की अंतर्गत ऑडिटच्या टीममध्ये नाव टाका आणि ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायूने) निर्जंतुकीकरण करून देणाऱ्या पुरवठादाराचं ऑडिट असेल तेव्हा सोबत नेण्याचा हट्ट धरा. जाण्याआधी त्याच निर्जंतुकीकरणाचं मानक, आयएसओ १११३५, एकदा नजरेखालून घाला.