नवा कर्नल टाकून रीबूट करण्याआधी

गेल्या पावसाळ्यात इंदिरानगरच्या खोलीवर रविवारी रात्री लिनक्सचा ६.१२ कर्नल (सिस्टीमचा गाभा) सोर्सवरून कंपाइल केला, रीबूट केलं आणि स्क्रीन थिजली. कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नल पुढे जाऊच शकत नाही. रूट फाइल सिस्टीम (मुख्य डिस्क) माउंट होत नाही, अननोन-ब्लॉक (०,०). कॅप्स लॉकचा दिवा नुसता लुकलुकत होता, आणि सकाळी हाच लॅपटॉप घेऊन नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडायची होती. म्हणून सांगतो, दुसऱ्या दिवशी मशीन लागणार असेल तर हे काम काढूच नका.

बॅकअप घ्या. चार्जर लावा, पावसात लाइटचा भरवसा नाही. कंपाइल करताना डीबगची (चुका शोधायची) माहिती चालू असेल तर वीसेक जीबी जागा सहज खाल्ली जाते.

कॉन्फिग (कर्नलमध्ये काय घ्यायचं त्याची यादी) कोरी बनवू नका. चालू कर्नलची कॉन्फिग बूट फोल्डरमध्ये पडलेली असते, ती सोर्सच्या फोल्डरमध्ये डॉट-कॉन्फिग नावाने घ्या आणि मेक ओल्डडेफकॉन्फिग ही कमांड चालवा. कॉन्फिग डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांची असेल तर सिस्टीम ट्रस्टेड कीजचा रकाना रिकामा करा, नाहीतर पेम (सर्टिफिकेटची) फाइल सापडत नाही म्हणून कंपाइल मध्येच थांबतं.

मग मेक, म्हणजे कंपाइल. मग मॉड्यूल्स (कर्नलचे सुटे भाग) इन्स्टॉल. तेव्हा इन्स्टॉल-मॉड-स्ट्रिप १ ठेवा, नाहीतर डीबगच्या ओझ्याने पुढच्या टप्प्यात बनणारी फाइल शेकडो एमबींची होते आणि बूट पार्टिशन भरतं.

आता इनिटरॅमएफएस, म्हणजे सुरू होताना कर्नलला लागणारे ड्रायव्हर पुरवणारी फाइल. मी बीझेडइमेज (तयार कर्नलची फाइल) हाताने बूटमध्ये कॉपी केली, ग्रब (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) अपडेट केला आणि झालं असं समजलो. इनिटरॅमएफएस बनवलीच नव्हती. उबुंटूच्या कॉन्फिगमध्ये एनव्हीएमई डिस्कचा ड्रायव्हर कर्नलच्या आत नसतो, मॉड्यूल असतो, आणि ते मॉड्यूल त्याच डिस्कवर असतं. कपाटाची किल्ली कपाटातच. ती बाहेर आणून देणारी फाइल म्हणजे इनिटरॅमएफएस. मेक इन्स्टॉल केलंत तर डेबियन-उबुंटूवर ती बहुतेक आपोआप बनते. तरी बहुतेकवर विसंबू नका. अपडेट-इनिटरॅमएफएसला -सी आणि -के देऊन आवृत्तीचं पूर्ण नाव द्या, मॉड्यूल्सच्या फोल्डरचं जे असेल तेच, शेपटीसकट. मग बूट फोल्डर उघडून डोळ्यांनी बघा: व्हीएमलिनझ (कर्नल) आणि इनिटआरडी (इनिटरॅमएफएस), दोघांपुढे एकच आवृत्ती. जोडी नसेल तर रीबूट करायचं नाही.

ग्रब अपडेट त्यानंतरच, आधी नाही. त्याच्या आउटपुटमध्ये नव्या कर्नलखाली इनिटआरडीची ओळ दिसली पाहिजे. जुना कर्नल काढू नका. उबुंटूत ग्रबचा मेन्यू लपलेला असतो, तो दिसता करून दहा सेकंद ठेवा. जुन्या कर्नलवर परतायची वाट तीच. माझ्याकडे जुना कर्नलही नव्हता, जागा करायला उडवला होता.

सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला कर्नल चालणार नाही. बंद करा किंवा सही करा. एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेल्यांनी डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणारं साधन) बघावं.

लिनक्स थेट चालवता येणारा लाइव्ह पेनड्राइव्ह आधीच तयार ठेवा, आणि त्यावरून बूट होतं का ते एकदा बघा. मला रात्री साडेअकराला तो मागायला मित्राकडे पंचवटीत जावं लागलं.

तरीही अडकलात तर: पेनड्राइव्हवरून बूट, रूट माउंट, बूट पार्टिशन वेगळं असेल तर तेही, डेव्ह-प्रॉक-सिस फोल्डर बाइंड, सीएचरूट (डिस्कवरच्या आपल्या सिस्टीममध्ये शिरणं). इनिटरॅमएफएस बनवा. ग्रब अपडेट. बाहेर या, अनमाउंट करा. आणि रीबूटआधी इनिटआरडी आहे ना, परत बघा.